बंदुकीची कमान कुठे मिळेल? : एका तुटलेल्या स्प्रिंगमागची शोधाशोध आणि विज्ञानाचा एक धडा



आमच्या शाळेत शिवजयंतीच्या नाटकासाठी आणि मिरवणुकीसाठी शोभेच्या सामानाची एक पेटी आहे. ढाली, लाकडी तलवारी, फेटे, आणि एका माजी विद्यार्थ्याने भेट दिलेली जुन्या धर्तीची एक बंदूक. बंदूक फक्त दाखवायची. नळी आतून भरीव, कानाला भोकच नाही, त्यामुळे दारू ठासणं किंवा बार काढणं शक्यच नाही. पण तिचा घोडा मात्र खऱ्यासारखा मागे ओढता यायचा, चाप दाबला की खटकन पुढे पडायचा आणि गारगोटीतून दोन-चार ठिणग्या उडायच्या. मुलांना त्याचंच कौतुक.

नाटकाच्या तालमीत चार दिवस प्रत्येकाने तो घोडा ओढून पाहिला. पाचव्या दिवशी "टक्" असा आवाज झाला आणि घोडा मान टाकल्यासारखा लोंबू लागला. आतली स्प्रिंग तुटली होती. मी मुलांना म्हटलं, "काळजी करू नका, उद्या नवीन आणतो." त्या "उद्या"ला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी जे शिकलो, ते धातूंच्या गुणधर्मांवर इतकी वर्षं शिकवूनही मला नीट कळलं नव्हतं. म्हणून हा लेख.

आधी यंत्रणा समजून घेऊ

ही बंदूक चकमकीची. चकमकीच्या बंदुकीत तीन कमाना असतात. (स्प्रिंगला आपला जुना शब्द कमान. घड्याळाची कमान, गाडीचा कमानपाटा हे शब्द आपण अजूनही वापरतोच.)

१. मोठी कमान : ही आत असते. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी दुमडलेली पोलादी पट्टी. घोडा मागे ओढला की ती दाबली जाते, चाप दाबला की ती घोड्याला जोरात पुढे फेकते. सगळं बळ हिचं.

२. खटक्याची कमान : ही लहान. मागे ओढलेला घोडा खाचेत अडकून राहावा म्हणून खटक्याला दाबून धरते. चाप दाबला की खटका खाचेतून सुटतो.

३. बाहेरची कमान : गारगोटी ज्या पोलादी झडपेवर आपटते ती झडप मिटलेली धरायला आणि आपटल्यावर झटकन उघडायला. झडप उघडली की खालच्या वाटीतल्या रंजकावर, म्हणजे बारीक दारूवर, ठिणगी पडते. खऱ्या बंदुकीत तिथून आग कानातून नळीत जाते.

आमची तुटली होती ती मोठी कमान, अगदी दुमडीच्या जागी. हे लक्षात ठेवा, कारण "स्प्रिंग तुटली" एवढंच सांगून कुठेही गेलात तर समोरचा माणूस बॉलपेनमधल्यासारखी गोल वेटोळ्यांची स्प्रिंग हातात ठेवतो. माझं तेच झालं.

शोधाशोध

जुन्नरमध्ये हार्डवेअरच्या दुकानांतून सुरुवात केली. वेटोळ्यांच्या स्प्रिंगा हव्या तेवढ्या, पण दुमडलेल्या पट्टीची एकही नाही. मग नारायणगाव. तमाशाची पंढरी म्हणतात तिला, तेव्हा वगनाट्याच्या सामानात बंदुका असणारच असं वाटलं. तिथल्या एका जुन्या कलाकाराने हसत सांगितलं, "गुरुजी, आमची बंदूक लाकडाची. बार पडद्याआड फटाक्याचा. आमची कमान कधी तुटत नाही!" उत्तर गमतीचं होतं, पण पुढे मला ते फार उपयोगी पडलं.

मंचरला शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो, घोडेगावला एका जुन्या घड्याळजीकडे गेलो. घड्याळजींनी तुकडे हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, "सर, ही विकत मिळायची वस्तू नाही. ही करून घ्यायची वस्तू आहे."

पुण्यात शस्त्रांच्या एका दुकानात विचारलं. त्यांनी आधी विचारलं, "नळी बंद आहे का?" बंद आहे म्हटल्यावर बोलले, "मग तुम्हाला आमची गरज नाही. आणि उघडी असती तर तुम्ही ती अशी पिशवीत घालून आणायलाच नको होती." याबद्दल पुढे सांगतो.

विकत का मिळत नाही?

सायकलचा बेअरिंगचा छर्रा गेला तर आपण नारायणगावात घेतो आणि तो जुन्नरच्या सायकलला बसतो. कारण छर्रे ठरावीक मापांतच होतात. आपल्याला ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की ती माणसाने मुद्दाम घडवून आणली आहे, हे आपण विसरतो. आणि गंमत अशी, की ती घडवून आणण्याच्या गोष्टीत बंदुकीच्या याच यंत्रणेचा मोठा वाटा आहे.

१७८५ साली फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ नावाच्या फ्रेंच कारागिराने थॉमस जेफरसन यांना एक प्रयोग दाखवला. जेफरसन तेव्हा अमेरिकेचे फ्रान्समधले राजदूत होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. ब्लाँने बंदुकीच्या पन्नास चापयंत्रणा सुट्या करून त्यांचे भाग वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले होते. जेफरसन यांनी हाताला येईल तो भाग उचलून काही यंत्रणा स्वतः जोडल्या, आणि त्या व्यवस्थित जुळल्या. त्यांना याचं इतकं अप्रूप वाटलं की त्यांनी पत्र लिहून मायदेशी कळवलं. कारण तोपर्यंत एका बंदुकीची कमान शेजारच्या बंदुकीला बसत नसे. प्रत्येक भाग कानशीने घासून त्याच्या त्याच्या जोडीदाराला बसवलेला असायचा. रणांगणात कमान तुटली की कारागीर गाठावाच लागायचा.

आजही तसंच आहे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये जुन्या लढायांचे देखावे हौसेने करणारी मंडळी असतात. त्यांच्यासाठी जुन्या धर्तीच्या बंदुका इटलीत होतात, तशा आपल्या भारतातही होतात. इटलीतल्या पेडेरसोलीसारख्या कारखान्याचे भाग यंत्रावर एका मापात निघतात, म्हणून त्यांच्या कमाना सुट्या विकत मिळतात. भारतीय बंदुका बऱ्याचशा हाताने घडवलेल्या, आणि निर्यात करताना बहुतेक वेळा कानाला भोक न पाडताच पाठवलेल्या. हाताने घडवलेली वस्तू स्वस्त पडते, पण तिची कमान तिच्यापुरतीच असते. त्याच कारागिराच्या दुसऱ्या बंदुकीची कमान मागवली, तरी ती घासून बसवावीच लागते.

आमची बंदूक अशीच, हातघडणीची. म्हणजे उत्तर दुकानात नव्हतं, भट्टीवर होतं.

पहिली कमान : वाकली ती वाकलीच

गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे साधी लोखंडी पट्टी होती. त्याने ती हुबेहूब त्याच आकारात वाकवून दिली. बसवली, घोडा मागे ओढला. कमान दाबली गेली आणि तशीच दबून राहिली! घोडा सोडला तर पुढे जायला तयार नाही.

साध्या लोखंडी पट्टीत कार्बन फार थोडा असतो. असं मऊ पोलाद थोडंसं वाकवलं तर परत येतं, पण जास्त वाकवलं की त्याचा कायमचा आकार बदलतो. आपण वर्गात स्थितिस्थापकतेची मर्यादा शिकवतो ती हीच. आकार बरोबर असून चालत नाही, धातू बरोबर हवा.

दुसरी कमान : काचेसारखी फुटली

मग आळेफाट्याला गेलो. तिथे ट्रकांची गॅरेजं भरपूर. एकाने तुटलेल्या कमानपाट्याचा तुकडा फुकट दिला. हे खरं स्प्रिंगचं पोलाद, कार्बन आणि सिलिकॉन असलेलं. आपल्याकडचे पुष्कळ कोयते आणि विळे याच पाट्यापासून घडवलेले असतात.

एका वर्कशॉपमध्ये तो तुकडा तापवून, ठोकून पातळ केला, वाकवला आणि लालभडक असताना पाण्यात बुडवला. "आता बघा कशी कडक झाली!" खरंच कडक झाली होती. कानस तिच्यावरून नुसती घसरत होती. शाळेत आणून बसवली, घोडा अर्धा ओढला, आणि दोन तुकडे. एक तुकडा भिंतीवर जाऊन आपटला. सुदैवाने खोलीत मी एकटाच होतो. दाबलेल्या कमानीत बरंच बळ साठलेलं असतं, हे मी वाचलेलं होतं. त्या दिवशी समजलं.

तिसरी कमान : "तुम्ही तिला पाणी दिलं, पण शांत केलं नाही"

माझ्या वर्गात आठवीत एक मुलगा आहे. वर्गात फारसा बोलत नाही, प्रश्न विचारला की खाली बघतो. त्या दिवशी मी टेबलावर तुटलेले तुकडे मांडून फळ्यावर काहीतरी लिहीत होतो, तर हा जवळ येऊन म्हणाला, "सर, याला ताव जास्त झालाय. आमचे आजोबा म्हणतात, तुटल्यावर आत साखरेसारखं दिसलं की ताव जास्त."

मी भिंगातून पाहिलं. तुटलेला पृष्ठभाग खरंच रवाळ, साखरेसारखा चमकत होता. पोलाद गरजेपेक्षा जास्त तापवलं की त्याचे आतले कण मोठे होतात आणि ते ठिसूळ बनतं. हे वाक्य पुस्तकातलं. पण तुकडा बघून ते ओळखणारा माझ्या वर्गात तो एकटाच होता. मीसुद्धा नाही.

रविवारी त्याच्या आजोबांकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, भाता आता विजेच्या पंख्याचा, बाकी ऐरण जुनीच. त्यांनी तुकडे पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही तिला पाणी दिलं, पण शांत केलं नाही." मग त्यांनी जे केलं ते टप्प्याटप्प्याने लिहितो.

- पाट्याचा तुकडा लाल करून, ठोकून पट्टी पातळ केली. दुमडीच्या जागी जाड, टोकाकडे निमुळती. त्यामुळे ताण एकाच जागी न येता सगळ्या पट्टीवर पसरतो.
- दुमड गोलसर ठेवली. आतून टोकदार कोपरा पडू दिला नाही. तडा तिथूनच जातो.
- घडवून झाल्यावर पुन्हा तापवून राखेत हळूहळू गार होऊ दिली. आता ती मऊ झाली. मग कानशीने घासून मापात आणली आणि शेवटी लांबीच्या दिशेने पॉलिश केली. आडवे ओरखडे एकही ठेवले नाहीत.
- पुन्हा लाल केली. किती? त्यांनी चुंबक जवळ धरला. पोलाद सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोचलं की चुंबक त्याला ओढत नाही. चुंबकाने सोडल्यावर त्यांनी अजून थोडासा ताव दिला आणि लगेच तेलात बुडवली. पाण्यात नाही. पाणी फार झटक्यात गार करतं, पातळ पट्टीला तडा जाऊ शकतो.
- आता ती काचेसारखी कडक होती, आमच्या दुसऱ्या कमानीसारखीच. मग "शांत करणं". पट्टी घासून चकचकीत केली आणि तापलेल्या तव्यावरच्या वाळूत ठेवली. रंग चढू लागले. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळा, मग सुंदर निळा. सुमारे ३०० अंशांचा हा रंग. साध्या कार्बन पोलादाची कमान असेल तर इथे थांबतात. गाडीच्या पाट्याच्या पोलादाला थोडा जास्त ताव लागतो, म्हणून निळा फिका पडून राखाडीकडे झुकल्यावर त्यांनी ती बाहेर काढली.

कमान बसवली. घोडा मागे, खटका अडकला, चाप दाबला. खटकन आवाज आणि गारगोटीतून ठिणग्या. नातू आजोबांकडे बघत होता आणि मी नातवाकडे.

पैसे विचारले तर आजोबा म्हणाले, "शाळेचं काम आहे." मग मी त्यांना एक विनंती केली, तिच्याबद्दल शेवटी लिहितो.

करून घ्यायची असेल तर

तुमच्याकडेही नाटकाच्या किंवा संग्रहाच्या, नळी बंद असलेल्या शोभेच्या बंदुकीची कमान गेली असेल, तर माझे तीन आठवडे वाचावेत म्हणून ही यादी.

१. तुटलेले सगळे तुकडे जपून ठेवा. जोडून कागदावर ठेवा आणि पेन्सिलीने आकार गिरवा.
२. पट्टीची जाडी तीन ठिकाणी मोजा : दुमडीला, मधे आणि टोकाला. टोकाचा आकडा कसा वळलाय तेही काढून ठेवा.
३. कमान मोकळी असताना तिचं तोंड किती उघडं हवं, हे दोन्ही तुकडे जुळवून पाहा.
४. कारागिराला फक्त कमान नको, ती जिथे बसते ती पाटीही दाखवा. शेवटची घासाई तिथेच बसवून होते.
५. विचारा, "तेलात गार करणार का? नंतर निळी करणार का?" या दोन प्रश्नांना जो नीट उत्तर देईल, तो तुमचा माणूस.
६. कमान काढताना, बसवताना ती शिकंजाने किंवा पकडीच्या चिमट्याने दाबून धरा. डोळ्यांवर चष्मा हवाच. हे काम मुलांच्या हाती देऊ नका.
७. नवी कमान दोन-तीनदा दाबून सोडा आणि तोंडाचं माप पुन्हा घ्या. कमी झालं असेल तर ती मऊ राहिली आहे.
८. घोडा ओढलेल्या स्थितीत बंदूक पेटीत ठेवू नका. मुलांना उगाच खटखट करू देऊ नका. आमची तशीच गेली.

कायद्याचं एक महत्त्वाचं बोलणं

वरचं सगळं फक्त बार निघू न शकणाऱ्या शोभेच्या बंदुकीसाठी. आपल्या जुन्नर-आंबेगावात काही घरांत पणजोबांची ठासणीची बंदूक असते. पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये आहे. पण त्याच कायद्याप्रमाणे खऱ्या बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा व्यवसाय आहे, आणि नकली बंदुकीचं खऱ्या बंदुकीत रूपांतर करायलाही परवाना लागतो. म्हणजे तुम्ही घरातली खरी बंदूक गावच्या लोहाराकडे नेलीत, तर तुमच्याबरोबर तो गरीब माणूसही अडचणीत येईल. अशी बंदूक सापडली तर आधी पोलीस ठाण्यात विचारा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर पुरावस्तूंचा १९७२ चा कायदाही लागू होऊ शकतो. शोभेची बंदूक मिरवणुकीत नेण्यापूर्वीही ठाण्यात कल्पना द्यावी, हे बरं.

आणि मग इतिहासाच्या बाईंनी विचारलं...

कमान बसली, मी खुशीत. तेवढ्यात आमच्या इतिहासाच्या बाई म्हणाल्या, "सर, पण नाटक शिवजन्माचं आहे ना? मग चकमकीची बंदूक कशाला?"

बरोबर होतं त्यांचं. शिवनेरीवर महाराजांचा जन्म १६३० चा. त्या काळात आपल्याकडे प्रामुख्याने तोड्याच्या बंदुका होत्या. त्यात गारगोटी नाही, जोरदार मोठी कमानही नाही. सुताचा जळता तोडा एका वाकड्या दांडीत धरलेला, चाप दाबला की दांडी खाली येऊन तोडा रंजकाला टेकतो. यंत्रणा साधी, गावच्या कारागिराला जमणारी. चकमकीच्या बंदुका आपल्याकडे मोठ्या प्रमाणात आल्या त्या अठराव्या शतकात, युरोपीय धर्तीच्या पलटणींबरोबर. पानिपतावर १७६१ साली लढलेल्या इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी आपल्याला माहीत आहेतच.

मग आमच्या बंदुकीचं जुन्नरशी काही नातं आहे का? आहे. १८१८ साली कंपनी सरकारच्या फौजेने शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन हे आपले किल्ले घेतले. त्या फौजेतल्या शिपायांच्या हातात अशाच धर्तीच्या चकमकीच्या बंदुका होत्या. म्हणजे आमची बंदूक शिवनेरीवर शोभते, पण जवळजवळ दोनशे वर्षं उशिरा!

शेवटी नाटकात आम्ही नारायणगावच्या त्या कलाकाराचा सल्ला घेतला. सुताराकडून लाकडी तोड्याची बंदूक करून घेतली, तोडा म्हणून सुती दोरी. तिची कमान तुटायची भीती नाही, आणि काळही बरोबर. दुरुस्त केलेली बंदूक आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, "१८१८ च्या काळातील धर्तीची चकमकीची बंदूक (शोभेची)" अशा चिठ्ठीसह.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

बंदूक नसली तरी हा धडा शिवणाच्या तीन सुयांवर दाखवता येतो. शिक्षकाने स्वतः करावा. चिमटा, चष्मा, स्पिरिटचा दिवा किंवा गॅसची निळी ज्योत, पाण्याची वाटी एवढंच लागतं.

- पहिली सुई : लाल करा आणि ज्योतीतून अगदी हळूहळू बाहेर काढा. गार झाल्यावर वाकवा. तारेसारखी वाकते आणि तशीच राहते. (आमची पहिली कमान.)
- दुसरी सुई : लाल करा आणि झटकन पाण्यात बुडवा. पकडीने वाकवा. काडीसारखी मोडते. (दुसरी कमान.)
- तिसरी सुई : लाल करून पाण्यात बुडवा, पॉलिश पेपरने हलकेच घासून चकचकीत करा, मग लोखंडी पट्टीवर ठेवून पट्टी खालून तापवा. निळा रंग आला की उचला. गार झाल्यावर थोडी वाकवून सोडा. परत सरळ होते. (तिसरी कमान.)

एकच धातू, तेवढाच कार्बन, आणि तीन वेगळे स्वभाव. फरक फक्त कसं तापवलं आणि कसं गार केलं याचा. मोडताना तुकडा उडतो, म्हणून सुई कापडाखाली धरून मोडावी.

एक प्रश्न मुलांना जरूर विचारा : गारगोटी ज्या पोलादी झडपेवर आपटते, ती झडपही अशी निळी करून "शांत" करावी का? नाही. तिला कडकच ठेवतात. कारण गारगोटीने तिचे बारीक कण खरवडले गेले पाहिजेत. तेच कण हवेत पेटतात आणि आपल्याला ठिणगी दिसते. म्हणजे एकाच यंत्रणेत शेजारी-शेजारी असलेल्या दोन पोलादी भागांना दोन वेगळे स्वभाव द्यावे लागतात.

जाता जाता

आजोबांना मी विनंती केली होती की एक दिवस शाळेत या. ते आधी तयार नव्हते. "आम्ही काय शिकवणार?" म्हणाले. शेवटी आले. अंगणात छोटी भट्टी मांडली, सगळ्या आठवीसमोर एका विळ्याला पाणी दिलं आणि चुंबक सोडण्याची वेळ मुलांकडून ओळखून घेतली. रंगांची नावं सांगायचं काम नातवाकडे होतं. पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. एकही चुकला नाही, आणि त्या दिवशी तो खाली बघत नव्हता.

आपल्या तालुक्यांत असे भाते आता थोडे उरले आहेत. कमान हवी असो वा नसो, पुढच्या वेळी धातूंचा धडा आला की पुस्तक उघडण्याआधी आपल्या वर्गात कुणाच्या घरी ऐरण आहे, एवढं विचारून पाहा.